पाय माझे, पैसे लोकांचे

पत्राचा गोषवारा : ठाण्यात पाचपाखाडी भागात राहणाऱ्या, एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात अधिकारी असलेल्या ४६ वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. कार्यालयातील तीन तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांनी डिसेंबरमधील एका पदयात्रेत नाव नोंदवले आहे. चौघांच्या गटाने कर्जतच्या डोंगरपट्ट्यात २४ तासांत ५० किलोमीटर चालायचे आणि प्रत्येक गटाने १ लाख २० हजार रुपयांच्या देणग्या मिळवून द्यायच्या, अशी योजना आहे. हे पैसे आदिवासी वाड्यांमधील मुलींच्या शिक्षणासाठी एका संस्थेला जाणार आहेत. बाईंच्या वाट्याला ३० हजार आले असून आजवर जमले आहेत ६,४००. त्यांतले १,५०० त्यांच्याच हाताखालच्या तिघांनी दिलेले आहेत. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर त्यांनी आवाहन टाकले, ते सगळ्यांनी वाचले, उत्तर कुणीच दिले नाही. जाऊबाईंनी त्याखाली सुप्रभातचे गुलाब तेवढे टाकले. सासूबाई म्हणतात, “द्यायचेच आहेत तर पैसे सरळ देऊन टाक, त्यासाठी डोंगर कशाला तुडवायचे?” यजमानांना गुडघ्याची काळजी आहे. मुलगी दहावीला आहे. “लोकांपुढे हात पसरायची लाज वाटते आणि नाव मागे घ्यायचीही. वीस वर्षांत स्वतःसाठी असे काही केले नव्हते. मी काय करू?” असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

सुरुवात तुमच्या सासूबाईंपासून करते, कारण या सगळ्या पत्रात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला आहे आणि तुम्ही तो टोमणा समजून सोडून दिला आहे. चालल्याने पैसे निर्माण होत नाहीत. तुम्ही ५० किलोमीटर चाललात म्हणून वाडीवरच्या एखाद्या मुलीची फी आपोआप भरली जात नाही. ती भरतो देणगी देणारा, आणि त्याला तुमच्या पायांची तशी काही गरज नसते. मग संस्था असे उपक्रम का करतात? एक कारण सरळ आहे. संस्थेला तुमची मावशी माहीत नाही, तुमच्या सोसायटीचे चिटणीस माहीत नाहीत, तुमची शाळेतली मैत्रीण माहीत नाही. तुमच्यामुळे ती त्यांच्यापर्यंत पोहोचते. चालणे हे त्या ओळखीचे निमित्त असते. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पदयात्रा म्हणजे हाँगकाँगची १०० किलोमीटरची ‘ट्रेलवॉकर’. ती १९८१ साली तिथल्या गुरखा सैनिकांचा सराव म्हणून सुरू झाली आणि १९८६ पासून सामान्य नागरिकांना खुली झाली. त्या सैनिकांना तसेही डोंगर चढायचेच होते. त्या चालण्याला कुणाच्या तरी भल्याची जोड मिळाली, इतकेच.

तुमच्या बाबतीतही मला हेच दिसते. तुम्हाला चालायचे आहे. पत्राच्या शेवटी, जवळजवळ क्षमा मागावी तशा सुरात, तुम्ही वीस वर्षांचा उल्लेख केला आहे. मला वाटते की लाजेचे मूळ तिथेच आहे. इच्छा स्वतःची, पण ती मांडली परोपकाराच्या नावाने. त्यामुळे ग्रूपवर पैसे मागताना आपण आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा खिसा हलका करतो आहोत, असे मनाला टोचत राहते. ते टोचणे खोटे नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की हे दोन हिशेब वेगळे करा. तुम्ही लेखा विभागातल्या आहात, तुम्हाला हे अधिक समजावून सांगायला नको. नोंदणी शुल्क, बूट, सरावासाठीचा रेल्वेचा आणि रिक्षाचा खर्च, डॉक्टरांची फी, हे सगळे तुमच्या हौसेच्या खात्यावर, स्वतःच्या पगारातून. लोकांनी दिलेला प्रत्येक रुपया संस्थेच्या खात्यावर, तोही तुमच्या गूगल पे वर न येता थेट संस्थेकडे. वाट्याच्या ३० हजारांतली पहिली ठळक रक्कम तुम्ही स्वतः द्या. चार-पाच हजार जड नसतील तर तेवढे, नाहीतर झेपेल तेवढे. सासूबाईंचे ‘सरळ देऊन टाक’ त्यात आले, आणि पुढे मागताना “मी इतके दिले आहेत” हे वाक्य तुमच्याजवळ राहील. माझा अनुभव असा आहे की त्या एका वाक्याने आवाजातला संकोच निम्म्याने जातो.

याच हिशेबाचा एक प्रश्न आयोजकांनाही विचारायचा असतो आणि तो विचारायला संकोच करू नका. पाण्याची ठाणी, रुग्णवाहिका, टी-शर्ट, पदके, मंडप यांचा खर्च नोंदणी शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागतो, की देणग्यांमधून कापला जातो? संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? मागच्या वर्षी जमलेल्या पैशांतून काय झाले, हे लिहून देईल का? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. जिला येतो, तिच्यासाठी चालू नये.

आता हात पसरण्याविषयी. गणपतीची वर्गणी मागायला सोसायटीत जिने चढताना तुम्हाला लाज वाटत नसेल, कारण ती सगळ्यांची असते. नवरात्रात जोगवा मागायला खात्यापित्या घरातल्या बायकाही पाच घरी जातात. तिथे परडीत काय पडले यापेक्षा दारात उभे राहून ‘मी’पणा थोडा उतरवणे महत्त्वाचे असते. आपल्याकडे चांगल्या कामासाठी मागणे कधीच कमीपणाचे नव्हते. महर्षी कर्व्यांचे उदाहरण इथे हटकून आठवते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे, आणि तिथले काम आटोपले की हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जायचे. त्याच आश्रमासाठी दारोदार फिरून त्यांनी लहानमोठ्या देणग्या मिळवल्या. पण ते आणि आपण यांत एक फरक आहे. ते चालत होते कारण हिंगण्याला जायला दुसरे साधन नव्हते. चालण्याबद्दल त्यांनी कुणाकडे पैसे मागितले नाहीत, मागितले ते मुलींसाठी. तुमच्या आवाहनात मात्र तुम्हीच जास्त आहात. तुम्ही जोडलेला मजकूर वाचला. “माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या आव्हानाला साथ द्या” हे पहिले वाक्य, मग तुमचा फोटो, मग रकमेचा आकडा, आणि मुलींचा उल्लेख अगदी तळाशी एका ओळीत. नातेवाइकांनी गप्प राहावे यात नवल नाही. ‘हिला फिरायला जायचे आहे, आम्ही पैसे का द्यायचे’ असेच कुणालाही वाटेल.

ग्रूपवर मागणे हे तसेही न मागण्यासारखे असते. चाळीस जणांना एकदम विचारले की प्रत्येकाला उरलेले एकोणचाळीस देतील असे वाटते. पंधरा माणसे निवडा, त्यांना एकेक करून फोन करा किंवा स्वतंत्र निरोप पाठवा. निरोप साधा असावा. कर्जत तालुक्यातील वाड्यांमधल्या मुलींना शाळेत टिकवण्यासाठी ही संस्था अमुक काम करते, मी स्वतः इतके दिले आहेत, तुम्हाला जमले तर या दुव्यावर थेट संस्थेला द्या, पावती तिथूनच येईल, नाही जमले तर अजिबात मनावर घेऊ नका. शेवटचे वाक्य मनापासून लिहा, आणि जो देणार नाही त्याच्याशी पुढच्या लग्नात पूर्वीसारखेच बोला.

तुमच्या हाताखालच्या तिघांच्या १,५०० रुपयांबद्दल मला स्पष्ट बोलावे लागेल. त्यांच्या रजा तुम्ही मंजूर करता, वार्षिक मूल्यमापन तुम्ही लिहिता. त्यांनी आनंदाने दिले असतील. पण ‘नाही’ म्हणायची खरी मोकळीक त्यांना होती का, हे तुम्ही किंवा मी सांगू शकत नाही. तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून त्यांना परत करा, संस्थेकडे गेलेले पैसे तसेच राहू द्या आणि विभागात कुणाकडे पुन्हा मागू नका. वरिष्ठांकडे, अन्य विभागातील बरोबरीच्यांकडे मागायला हरकत नाही. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी आपणहून ५१ रुपये काढून दिले आणि ते घ्यावेत की नाही असा पेच तुम्हाला पडला, असे तुम्ही लिहिले आहे. ते घ्या. तुम्ही मागितले नव्हते. त्यांच्या नावाची पावती करून त्यांच्या हातात द्या. नको म्हणून परत केलेत तर त्यांना काय वाटेल, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

करसवलतीचे थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक काका हे विचारतातच. जिला आपण अजून ‘८०जी’ म्हणतो ती वजावट नवी करप्रणाली घेतलेल्यांना मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत मिळते आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला विचारण्याआधी मात्र त्याचा पासपोर्ट कुठला ते पाहा. तो भारतीय नागरिक असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर संस्थेकडे परकीय देणग्या स्वीकारण्याची केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी असायला हवी, आणि पैसे दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. त्याने मायेपोटी ते तुमच्या खात्यात पाठवावेत आणि तुम्ही पुढे द्यावेत, हा मार्ग टाळा.

आता गुडघा. मी डॉक्टर नाही, आणि “स्टेशनचा पूल उतरताना उजव्या गुडघ्यात कळ येते” या वाक्यावरून कुणीच निदान करू नये. अस्थिरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा. त्यांना ‘चालू का’ असे मोघम विचारू नका. “५० किलोमीटर, डोंगरातली वाट, १२ आठवडे सराव” असे आकड्यांत सांगा. ते नको म्हणाले, तर हे पत्र इथेच संपले असे समजा. देणग्या गोळा करून गटासाठी पाण्याच्या ठाण्यावर उभे राहण्याचे काम घ्या, त्यातही कमीपणा नाही. तुमची कळ चढताना नसून उतरताना येते, हे मात्र त्यांना आवर्जून सांगा. सह्याद्रीत माणूस चढताना दमतो आणि उतरताना जायबंदी होतो, कारण उतारावर मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत सगळे वजन पेलावे लागते. काही वर्षांपूर्वी राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरताना, नेहमीच्याच मापाचे बूट घालून गेल्यामुळे, माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली आणि महिन्याभरात गळून पडली. चढताना मी सगळ्यांच्या पुढे होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

डॉक्टरांनी होकार दिला, तर सरावाचा विचार असा करा. २४ तासांत ५० किलोमीटर म्हणजे ताशी जेमतेम दोन किलोमीटर. तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या आजोबांचाही वेग याहून जास्त असतो. त्यामुळे कागदावर हे सोपे दिसते आणि पुष्कळ जण इथेच फसतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक ठोकताळा अजून वापरला जातो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या मार्गावर एकूण चढ १,८०० मीटर धरला तर दहा तास चालण्याचे आणि तीन चढाचे, म्हणजे तेरा झाले. त्यात जेवण, फोड बांधणे, गटातल्या एकाने थांबणे, आणि रात्री घसाऱ्याच्या वाटेवर विजेरीच्या उजेडात पाऊल चाचपत टाकणे मिळवा. अठरा-एकोणीस तास सहज होतात. मार्गावरचा एकूण चढ किती आहे हे आयोजकांकडून मागून घ्या. अंतरापेक्षा तो आकडा तुम्हाला अधिक खरे सांगेल.

तुमच्या इमारतीला चौदा मजले आहेत, हे फार उपयोगाचे आहे. पहिले तीन-चार आठवडे चढायचे जिन्याने आणि उतरायचे लिफ्टने. गुडघा कुरकुरला नाही तर मग दोन मजले, चार मजले असे उतरणे वाढवा. आठवड्यात तीन दिवस तासभर चालणे, आणि रविवारी लांबचे. उपवनहून येऊरचा चढ तुमच्या घरापासून जवळ आहे, पण तो उजाडल्यावरच करा. ते बिबट्यांचे रान आहे आणि अंधारात तिथे असणे तुमच्या आणि त्यांच्याही सोयीचे नाही. नवी मुंबईतल्या वाचकांना बेलापूरची पारसिक टेकडी आहे. पाऊस पुरता ओसरला की ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल पकडून नेरळला उतरा आणि माथेरानच्या घाटरस्त्याने दस्तुरी नाक्यापर्यंत पायी जा. पुढे खासगी वाहनांना बंदीच आहे, तांबड्या मातीच्या वाटेने पठारावर हवे तेवढे फिरा. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि नेरळ जवळजवळ पायथ्याशी, त्यामुळे एका दिवसात चढ-उताराची चांगली परीक्षा होते. नंतरच्या एखाद्या रविवारी लोणावळ्याहून राजमाचीची पंधरा-सोळा किलोमीटरची वाट, आणि उतरायला कोंढाणे. सर्वांत लांब चाल, ३० किलोमीटरच्या आसपास, मुख्य दिवसाच्या तीन आठवडे आधी उरकावी आणि मग हात आखडता घ्यावा. शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढायला जाणारे हमखास लंगडत सुरुवात करतात.

बूट आताच घ्या, डिसेंबरात नको. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजलेले असतात, आणि जाड मोजे घालून नेहमीपेक्षा अर्धा आकडा मोठे पाहा. पायाच्या बोटांना व्हॅसलीन, आणि जिथे चुरचुर वाटेल तिथे फोड येण्याआधीच चिकटपट्टी; ‘पुढच्या ठाण्यावर बघू’ म्हणणाऱ्याच्या टाचेचे कातडे पुढच्या ठाण्यापर्यंत गेलेले असते. दोन काठ्या घ्या, उतारावर गुडघ्याचा भार त्या बऱ्यापैकी वाटून घेतात. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहणे धोक्याचे आहे, कारण घामावाटे मीठ जाते आणि पाण्याने उरलेलेही पातळ होते. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात, पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच, आणि सोबत शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दशम्या. वेदनाशामक गोळी खाऊन पुढे रेटू नका. अंगातले पाणी कमी झालेले असताना त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

तरुण सहकाऱ्यांना आपले लोढणे होईल, ही तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गटाची पदयात्रा सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने होते. त्यांना आजच बसवून विचारा की आपल्याला वेळेत पूर्ण करायचे आहे की लवकर पूर्ण करायचे आहे. उत्तर ‘लवकर’ असेल तर तुमचा गट चुकला आहे आणि बदलायला अजून वेळ आहे. ‘वेळेत’ असेल तर चढावर तुम्ही सर्वांत पुढे चाला, मागे नाही. मागचा माणूस कायम धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते. ३५ व्या किलोमीटरला गुडघ्याने नकार दिला, तर थांबा. देणगीदारांना पैसे परत करावे लागतील का, असे तुम्ही विचारले आहे. दोन हिशेब वेगळे केलेत की हा प्रश्न उरत नाही : पैसे मुलींसाठी दिलेले आहेत, तुमच्या किलोमीटरांसाठी नाही. कुठे थांबलात ते मात्र सर्वांना खरे कळवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. ज्या वाटांवरून तुम्ही छातीवर क्रमांक लावून जाणार, त्या ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या रोजच्या वाटा आहेत. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन तीच खिंड चढणारी बाई तुम्हाला भेटेल आणि तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवणार नाही. वाट अरुंद असेल तर बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नका, त्यांना न विचारता त्यांचे फोटो काढू नका, आणि केळ्याचे साल असो की ओआरएसची पुडी, सगळे पिशवीत घालून ठाण्याला परत आणा.

राहिली घरची बाजू. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण शाळांच्या पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात. पदयात्रेच्या तारखा आणि शाळेचे वेळापत्रक आजच शेजारी ठेवून पाहा, आणि दोन्ही एकाच आठवड्यात आले तर या वर्षी नाव मागे घ्या. संस्था पुढच्या वर्षीही पैसे मागणारच आहे. तसे नसेल, तर १२ पैकी सहा-सात रविवार तुम्ही घरी नसाल हे लेकीला आधी सांगा, नंतर नाही. यजमानांचे “गुडघ्याचे काय” हे वाक्य तुम्ही विरोध म्हणून लिहिले आहे. मला त्यात गाडी घेऊन मदतीला उभा राहू शकणारा माणूस दिसतो. कर्जतच्या बाजूला रात्री दोन वाजता कोरडे मोजे आणि थर्मासमधला चहा घेऊन कुणीतरी थांबावे लागते. आयोजक परवानगी देत असतील तर ते काम त्यांना द्या. सासूबाईंना या सगळ्याचा हिशेब दाखवा, आणि त्यांच्याकडेही देणगी मागा. ग्रूपवर त्यांनी १०१ रुपये दिल्याचे जाऊबाईंच्या कानावर गेले, तर पुढचे फोन तुम्हाला कमी करावे लागतील.